भास्कराचार्य आणि मापांचें गणित

एक लिटर म्हणजे एक हजार मिलिलिटर, आणि एक किलोलिटर म्हणजे एक हजार लिटर, हें कोष्टक आमच्या शाळेंतील लहान मुलेंहि तोंडपाठ म्हणतात. परंतु कोष्टक पाठ असणें निराळें आणि त्याचें मर्म कळणें निराळें. हें मर्म ज्या थोर गणितज्ञाच्या चरित्रावरून उत्तम रीतीनें कळतें, त्या भास्कराचार्यांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव असल्याचें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. त्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्रांत निष्णात होते, व तेच त्यांचे गुरु. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ रचिला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग होय. पुढें एकोणसत्तराव्या वर्षीं त्यांनीं ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. वार्धक्यांतहि त्यांची विद्या मंदावली नव्हती, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

लीलावतीच्या आरंभींच नाणीं, वजनें व मापें यांची कोष्टकें आहेत. एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा जागेंत जेवढें धान्य मावेल, तेवढ्यास त्यांनीं खारी म्हटलें आहे. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा भाग प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा भाग कुडव. हात सुमारें ४५ सेंटिमीटरांचा धरिला, तर खारी सुमारें ९१ लिटरांची व प्रस्थ सुमारें ३५६ मिलिलिटरांचा होतो.

फ्रान्स देशांत १७९५ सालीं लिटर ठरविला गेला, तोहि असाच. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा घन म्हणजे एक लिटर. लांबीवरून आकारमान ठरविण्याची युक्ति दोन्हींकडे एकच. भेद एवढाच कीं, तेथें पायऱ्या सोळांच्या व चारांच्या, येथें दहांच्या. अडीच द्रोणांचे प्रस्थ काढावयाचे तर अडिचास सोळांनीं गुणावें, चाळीस येतात. अडीच लिटरांचे मिलिलिटर काढण्यास दशांशचिन्ह तीन घरें उजवीकडे सरकविलें कीं झालें, २५०० येतात. मोठ्या मापाकडून लहानाकडे जातांना गुणावें, लहानाकडून मोठ्याकडे जातांना भागावें, हें तत्त्व मात्र दोहोंस सारखेंच लागू आहे.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव यांस यादवांच्या दरबारीं मोठा मान होता. चांगदेवानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. त्या मठास दिलेल्या दानाचा इ. स. १२०७ चा शिलालेख तेथें सांपडला आहे. त्याच्या मराठी भागांत, गांवांत जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनीं मठास एकेक पळी तेल द्यावें, असें नमूद आहे. शिवाय, तेथें जें मापावयाचें तें मठाच्याच मापानें मापावें, असाहि नियम आहे. विद्येचें जें स्थान, तेंच गांवाच्या मापाचें प्रमाण ठरावें, याहून त्या आचार्यांचें उचित स्मारक कोणतें?

हा नियम क्षुल्लक नव्हे. घेणाऱ्याचें माप एक आणि देणाऱ्याचें दुसरें असलें, तर त्यांत नाडला जातो तो अशिक्षित गरीबच. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतहि पूर्वीं शेर व पायली यांवरच बाजार चाले, आणि शेर सर्वत्र सारखा नसे. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. त्याच वर्षीं दशमान मापांचा कायदा झाला, व पुढें क्रमाक्रमानें लिटर बाजारांत आला. आज करडईचें तेल तुळजापुरास घ्या कीं उमरग्यास घ्या, लिटर एकच.

तथापि कायदा माप देतो, दृष्टि देत नाहीं. अर्ध्या लिटराच्या दरावरून ७५० मिलिलिटरांची किंमत ज्या मुलीस मनांतल्या मनांत काढितां येते, तिच्या आईस बाजारांत कोणी फसवूं शकत नाहीं. खोट्या मापाचा पवित्र शास्त्रानेंहि निषेध केला आहे. तेव्हां विद्यार्थ्यांनो, हें गणित केवळ परीक्षेपुरतें शिकूं नका. दुसऱ्यास नाडूं नये व स्वतःहि नाडलें जाऊं नये, यासाठीं शिका.