पाखरांचे कूळ शोधणारे हक्सले

अंगणात दाणे टिपणारी चिमणी डायनोसॉरच्या कुळातली, हे आज शाळकरी पोरही सांगेल. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे नाते ओळखणारे थॉमस हेन्री हक्सले यांच्या वाट्याला शाळा आली होती जेमतेम दोन वर्षे!

१८२५ साली लंडनजवळच्या ईलिंगमध्ये एका मास्तराच्या घरी ते जन्मले. 'रॅटलस्नेक' जहाजावर सहायक सर्जन असताना समुद्री जीव चिरून पाहत त्यांनी शरीररचनेची जाण कमावली. पुढे डार्विनचे खंदे पाठीराखे म्हणून ते गाजले.

१८६१ मध्ये बव्हेरियाच्या चुनखडीत 'आर्किओप्टेरिक्स'चा सांगाडा सापडला. पिसे पक्ष्याची, शेपूट मात्र सरड्यासारखी हाडांची. त्याच प्रदेशातल्या 'कॉम्प्सोग्नॅथस' या चिमुकल्या डायनोसॉरचे मागचे पाय हक्सले यांनी पक्ष्यांच्या पायांशी ताडून पाहिले आणि १८६८ मध्ये दोघांचे नाते मांडले.

१८९५ मध्ये ते निवर्तले. १९२६ साली डॅनिश चित्रकार हाइलमान यांनी, डायनोसॉरला गळपट्टीचे हाड नाही, सबब तो पक्ष्यांचा पूर्वज नव्हे, असा निवाडा दिला. हक्सले यांचा विचार अडगळीत पडला. ते हाड पुढे सापडलेच. १९६९ नंतर ऑस्ट्रॉम यांनी तो विचार पुन्हा उभा केला.

१९९६ मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतातून 'सायनोसॉरॉप्टेरिक्स' उजेडात आला. अंगभर पिसांची लव, पण उडणे अशक्य! म्हणजे पिसे आधी आली, बहुधा उबेसाठी, उड्डाण नंतर. हक्सले यांना असा पुरावा पाहायला मिळाला नाही. त्यांनी केवळ हाडांवरून कूळ ओळखले होते.