गुडघे टेकले आणि कामाला लागल्या : पंडिता रमाबाई

आमच्या कॉलेजात सकाळची प्रार्थना असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरात तुळशीपुढे दिवा, शनिवारी मारुतीला तेल, एवढंच मला प्रार्थनेचं ठाऊक. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांबरोबर डोळे मिटून उभी राहायचे. पण खरं सांगते, मनात डब्याचा, बसचा आणि टेस्टचा विचार असायचा. देवाकडे काही मागायचं आणि गप्प बसायचं, म्हणजे प्रार्थना झाली, असं मला वाटायचं. ते मत बदललं एका बाईंमुळे. त्यांना जाऊन आता शंभरहून जास्त वर्षं झाली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई भेटल्या होत्या. विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन, एवढं पाठ करून दोन मार्क मिळवले होते. मंडळाच्या वाचन उपक्रमात त्यांचं आयुष्य सविस्तर वाचायची माझी पाळी आली, तेव्हा कळलं की त्या दोन मार्कांच्या मागे केवढी भूक, केवढं मरण आणि केवढं काम आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीत, गंगामूळच्या रानात. म्हणजे आपल्याच बाजूच्या डोंगरातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं, हा त्यांचा हट्ट. लोकांनी नावं ठेवली, तरी त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. वेताच्या पेटीत घालून नेलेलं हे बाळ पुढे आयुष्यभर चालतच राहिलं. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. ना शाळा, ना घर. पण हजारो श्लोक मुखोद्गत.

मग 1874 ते 1877 या काळातला दुष्काळ आला. साठवलेलं सगळं दानधर्मात, व्रतात, अनुष्ठानात गेलं. भांडी गेली, कपडे गेले. झाडाची पानं खाऊन दिवस काढले. काहीच महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली.

आई आजारी असतानाचा एक प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं होतं. आईला खायला द्यायला घरात काही नाही. रमाबाई शेजारच्या बाईंकडे भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. बाई चांगल्या होत्या, प्रेमाने बोलल्या. पण रमाबाईंच्या तोंडातून शब्दच फुटेना. आपण शास्त्र्याची मुलगी, भीक कशी मागायची? शेवटी मान खाली घालून, रडत रडत त्यांनी तो तुकडा मागितला आणि घेऊन आल्या. तोवर आईला घास घेण्याचीसुद्धा ताकद उरली नव्हती. आई गेल्यावर खांदा द्यायलाही पुरेशी माणसं मिळाली नाहीत. रमाबाई उंचीने लहान, तिरडी खांद्यावर पेलेना, म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली आणि कित्येक मैल चालल्या.

आता मला पडलेला प्रश्न. या घराइतकी प्रार्थना कुणी केली असेल? दिवसरात्र देवाचंच नाव होतं. मग उपाशी का मेले? रमाबाईंनी पुढे या दिवसांविषयी लिहिलं, तेव्हा स्वतःच्या घरालाही माफ केलं नाही. विद्येचा आणि जातीचा अभिमान एवढा होता की हाताने काम करायची लाज वाटायची, हे त्यांनी कबूल केलं आहे. अंगमेहनतीची मजुरी कुणाला जमतही नव्हती आणि रुचतही नव्हती. हे वाचताना मला वाटलं, देव कुठला हा मुद्दाच नाही. ओठ हलत होते आणि हात बांधलेले होते, हा मुद्दा आहे. हे दुःख रमाबाई कधी विसरल्या नाहीत. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला तिथेच दिसतं.

उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर लग्न केलं. 1881 साली मनोरमा झाली. 1882 च्या सुरुवातीला पती कॉलऱ्याने गेले. वय चोवीसही पूर्ण नाही, कडेवर तान्ही मुलगी आणि कपाळी वैधव्य.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात, असं मांडलं. 1883 साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी ख्रिस्ती झाल्या. 1886 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे भाषणं केली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. याच सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

धर्मांतरावरून पुण्यात काय वादळ उठलं, हे सगळ्यांना माहीत आहे. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या, तेव्हा 1893 साली सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण बरोबर, यावर आपल्या मंडळात आजही भांडण होईल. होऊ दे. मला इथे दुसरंच सांगायचंय. तिकडे ख्रिस्ती मंडळीही रमाबाईंवर पूर्ण खूश नव्हती. मला पटेल तेच मानीन, असं त्या इंग्लंडमधल्या आपल्या गुरुभगिनींनाही ठणकावून सांगत. दोन्ही बाजूंनी एकट्या पडलेल्या या बाईंनी स्वतःविषयी एक गोष्ट मान्य केली : बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली, तरी धर्म मिळाला पण मनाला शांती मिळाली नाही. 1891 च्या सुमारास त्यांच्यात आतून बदल झाला. तिथून पुढे प्रार्थना म्हणजे त्यांच्यासाठी नुसता पाठ राहिला नाही. रोज उठून विचारायचं, आज मी काय करू, आणि जे उत्तर मनात येईल त्याच्या मागे जायचं, असा तो प्रकार होता.

एकदा लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती शिबिरात त्या आपल्या पंधरा मुलींसह होत्या. तिथे त्यांनी देवाकडे मागितलं की या पंधराचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस! पुण्याच्या सदनात तेवढ्या मुलींना जागासुद्धा नव्हती. आपण गणिताच्या पेपरच्या आधी प्रार्थना करतो. या बाईंनी प्रार्थनेतच गणित घातलं.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. इथे मला रमाबाई सगळ्यात जवळच्या वाटतात, कारण त्यांचा पहिला विचार तुमच्या-माझ्यासारखाच होता. हाताशी पैसे नाहीत, आपण काय करणार? पण प्रार्थनेत बसल्या की स्वतःच्या दुष्काळाचे दिवस समोर यायचे. तो भाकरीचा तुकडा, ती तिरडी. तुला वाचवलं ते कशासाठी, हा प्रश्न पाठ सोडेना. शेवटी त्या उठल्या आणि गाडीने मध्य प्रांतात गेल्या. तिथली अनाथ, उपासमारीने हाडांचे सापळे झालेली मुलं पाहिली. तरुण मुलींना फसवून नेणारे लोकही पाहिले. मग त्या मुली गोळा करू लागल्या. शंभर, दोनशे, शेवटी तीनशेच्या आसपास. पंधराचा वर्ग तर कधीच मागे पडला!

एवढ्या मुली ठेवायच्या कुठे? 1897 साली पुण्यात प्लेग. नव्या मुलींना शहरात ठेवायला सरकारची मनाई. रमाबाईंनी आधीच पुण्यापासून साठेक किलोमीटरवर केडगावला शेतजमीन घेतली होती. मुली तिथे गेल्या. सुरुवातीला तंबू, झोपड्या आणि उघडं रान. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आल्या आणि मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता त्या मुली काय करत होत्या ते पाहा. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, स्वयंपाक. अंध मुलींसाठी ब्रेल. वाट चुकवल्या गेलेल्या, अत्याचार झालेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन. आणि स्वतःचा छापखाना, तोही मुली चालवायच्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी सगळं. ज्या घरात हाताने काम करण्याची लाज होती, त्या घरातल्या मुलीने दोन हजार जणींच्या हातांना काम दिलं. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने, आणि प्रार्थना संपली की जो तो आपल्या कामावर. 1905 साली तर मुक्तीत शेकडो मुली दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमत होत्या, रडत होत्या, आपल्या चुका कबूल करत होत्या. त्यानंतर त्यांचे गट आसपासच्या गावांत जाऊ लागले.

आपलं साहित्य मंडळ आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद केला. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने संस्कृत शब्दांचा मोह टाळला, कारण शिकलेली नसलेली खेड्यातली बाईसुद्धा ते वाचून समजली पाहिजे. 1921 साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. मुक्तीचा सगळा भार पुढे तिच्यावर यायचा होता. तरीही रमाबाईंनी अनुवाद सोडला नाही. 5 एप्रिल 1922 ला केडगावला त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. मुक्ती मिशन आजही तिथे आहे.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळं मी टिपून घेतलं, मंडळात वाचून दाखवलं, टाळ्या मिळाल्या. पण हॉस्टेलवर आल्यावर झोप लागेना. कारण माझ्या आत्तेबहिणीचा, ताईचा, चेहरा समोर येत होता. ताईचं लग्न लवकर झालं आणि चार वर्षांत ती परत माहेरी आली, पांढऱ्या कपाळाने, मुलाला घेऊन. घरात सगळे म्हणायचे, देव बघेल. मीही सकाळच्या प्रार्थनेत न चुकता तिचं नाव घ्यायचे आणि मग कँटीनला जायचे. वर्षभरात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की ताई, तुला काय हवंय?

त्या रविवारी मी गावी गेले आणि विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बारावीचे दोन विषय राहिलेत, ते सोडवायचे आहेत. एवढंच! मला वाटलं होतं काहीतरी मोठं, न पेलणारं असेल. कागदपत्रं सासरी होती. तिथे फोन करायला घरात कुणी तयार नव्हतं, मलाही धीर होईना. चार दिवस मी प्रार्थनेत ताईसाठी काही मागितलंच नाही, माझ्यासाठी धीर मागितला. पाचव्या दिवशी फोन केला. तिच्या सासऱ्यांनी रागावायच्या ऐवजी मार्कशीट स्वतः आणून दिली. त्यांनाही बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. आता शनिवारी मी गावी जाते आणि आम्ही दोघी माजघरात अर्थशास्त्र वाचत बसतो. मुलगा पाटीवर रेघोट्या ओढतो. परीक्षा व्हायची आहे. ताई पास होईल की नाही, मला माहीत नाही.

प्रार्थनेने देव बदलतो का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आपल्या फादरांना विचारा, किंवा आमच्या गावच्या गुरवांना. पण प्रार्थना करणारी बाई बदलते, हे मी रमाबाईंच्या आयुष्यात पाहिलं. ती बदलली की तिचे हात हलायला लागतात. मी अजूनही तुळशीपुढे दिवा लावते आणि कॉलेजात डोळे मिटून उभी राहते. आता तेव्हा मनात बस नसते. आज कुणाला काय विचारायचं राहिलंय, ते आठवते. मग घंटा होते आणि आम्ही सगळे वर्गाकडे निघतो.