गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव: डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म: शेंडगाव, २३ फेब्रुवारी १८७६, मृत्यू: वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६) हे वऱ्हाडातील कीर्तनकार व समाजसुधारक होते. नवस, पशुबळी, बुवाबाजी आणि अस्पृश्यता यांवर त्यांनी कीर्तनांतून आयुष्यभर प्रहार केला. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी घाट, धर्मशाळा व शाळा उभारल्या. मात्र त्यांपैकी एकाही संस्थेचा मठ होऊ दिला नाही.

पूर्वायुष्य

अचलपूरच्या पश्चिमेस असलेल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. देवकार्याच्या नावाने बोकड कापावेत आणि दारू प्यावी, अशी रूढी त्या काळी समाजात मुरलेली होती. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूजीला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी राहू लागल्या. तेथे डेबूजी गुरे राखण्यात आणि शेतीच्या कामात तरबेज झाले. शाळेचे तोंड मात्र त्यांनी पाहिले नाही. पुढे मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात अडकले. निरक्षरतेमुळे हिशेबातील लबाडी त्यांच्या ध्यानात आली नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाची लूट कशी होते, याचा हा धडा डेबूजींना घरातच मिळाला. नंतरच्या कीर्तनांत कर्ज काढून सण करण्याला त्यांचा कडवा विरोध आणि मुलांना शिकवण्याचा आग्रह आढळतो, त्याचे मूळ दापुऱ्याच्या या शेतात आहे.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांसमद्याचे जेवण न देता त्यांनी गोड जेवण दिले. त्यावरून भाऊबंदांचा रोष त्यांना पत्करावा लागला.

गृहत्याग आणि कीर्तने

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हाती खराटा आणि मातीचे गाडगे असा त्यांचा वेश होता व त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत आणि प्रश्नोत्तराच्या अंगाने चाले. श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेण्याची त्यांची हातोटी होती. त्यामुळे मूर्तीपुढे बोकड कापणे वा माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मानणे किती विसंगत आहे, हे ऐकणारा स्वतःच कबूल करीत असे. परतवाडा–बैतूल मार्गावरील बहिरमची यात्रा पशुबळीसाठी प्रसिद्ध होती. तेथेही त्यांनी या प्रथेविरुद्ध कीर्तने केली. पाया पडू पाहणाऱ्यांपासून ते दूर पळत. कोणाला मंत्र दिला नाही, शिष्यपरंपरा निर्माण केली नाही.

धर्मशाळा

त्यांच्या बांधकामांची सुरुवात पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथील घाटापासून झाली. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते आणि स्नानाला उतरणाऱ्यांचे चिखलात हाल होत असत. त्यानंतर मूर्तिजापूर, नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशी कामे वाढत गेली.

यांपैकी पंढरपूरचे काम सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल. विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये तो मिळाला. त्यापूर्वी मैलोन्‌मैल चालत आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला चोखोबांच्या समाधीपाशी बाहेरूनच हात जोडावे लागत आणि मुक्कामाला गावात छप्परही मिळत नसे. या वारकऱ्यांसाठी गाडगे महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पंढरपुरात मराठा व परीट समाजांच्या नावानेही त्यांनी धर्मशाळा उभारल्या. जातिभेद नाकारणाऱ्याने जातवार इमारती बांधाव्यात, हे आज खटकते. परंतु एका पंगतीला बसण्यास लोक तयार नसताना निवाऱ्यावाचून राहिलेल्यांची सोय आधी करणे त्यांना निकडीचे वाटले असावे. देणग्या देणाऱ्यांत सधन व्यापारीही होते. त्यांचा पैसा स्वीकारताना कीर्तनातील धार मात्र बोथट झाली नाही.

१९४९ मध्ये त्यांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली आणि तिचे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात रूपांतर करण्याचा मार्ग मोकळा केला. मुंबईत त्यांनी जे. जे. रुग्णालयाजवळ बाहेरगावच्या रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली.

विश्वस्तव्यवस्था

देवस्थानांचे उत्पन्न पुजारी घराण्यांत व महंतांच्या गादीत अडकून पडते, हे त्यांनी गावोगाव पाहिले होते. म्हणून आपल्या संस्था त्यांनी विश्वस्तांकडे सोपवल्या आणि त्यांवर स्वतःच्या नातलगांचा हक्क राहू दिला नाही. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहत असताना कुंताबाई साध्या झोपडीत राहत होत्या. या निःस्पृहतेची मोठी किंमत पत्नीने व मुलींनी मोजली. चरित्रकार तिचा गौरव करतात, परंतु कुंताबाईंच्या वाट्याला आलेल्या कष्टांना त्या चरित्रांत फारच थोडी जागा मिळते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली व या संस्थांचा कारभार त्याकडे गेला. याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

अखेर

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईतील वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगे महाराजांचा मृत्यू झाला. अमरावतीत जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.