कै. बाबूराव विष्णु पराडकर

महाराष्ट्र सोडून उत्तरेस स्थायिक झालेल्या मराठी कुळात जन्मून ज्यांनी परभाषेची सेवा मातृभाषेच्या निष्ठेने केली, त्या पुरुषांत कै. बाबूराव पराडकर यांना आम्ही अग्रस्थान देतो.

त्यांचा जन्म काशीस १६ नोव्हेंबर १८८३ रोजी झाला. १९०६ साली ते कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’ पत्रात रुजू झाले. ‘देशेर कथा’ या बंगाली ग्रंथाचे कर्ते सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे मामा. त्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर बाबूरावांनीच केले. क्रांतिकारकांशी संबंधामुळे १९१६ मध्ये सरकारने त्यांना पकडून कित्येक वर्षे स्थानबद्ध ठेवले. सुटकेनंतर, १९२० साली शिवप्रसाद गुप्त यांनी काशीस काढलेल्या ‘आज’ दैनिकास त्यांनी आपले आयुष्य वाहिले. ‘मिस्टर’ऐवजी ‘श्री’ रूढ केल्याचे श्रेय हिंदी जाणकार त्यांनाच देतात. पुढे वृत्तपत्रे देखणी व धनसंपन्न होतील, परंतु संपादक स्वतंत्र राहणार नाही, असा इशारा त्यांनी १९२५ मध्ये वृंदावन येथे दिला होता. १२ जानेवारी १९५५ रोजी ते निवर्तले.

लोणारची आमच्या ज्ञातीची मुले आज पोटासाठी दूरदूर जात आहेत. जेथे अन्न मिळेल तेथील लोकांची भाषा आपली मानावी, परंतु लेखणी कोणासही विकू नये, एवढा बोध त्यांनी या चरित्रातून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.