अकरा नंबरचा ज्यूरर

मंडळी, '१२ अँग्री मेन' हा १९५७ चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. निदान त्यावरून बेतलेला 'एक रुका हुआ फैसला' तरी नक्कीच. मूळ सिनेमात एक ज्यूरर आरोपीच्या इंग्रजीला नावं ठेवता ठेवता स्वतःच व्याकरणात चुकतो, आणि ती चूक शांतपणे सुधारतो अकरा नंबरचा ज्यूरर, युरोपातून आलेला घड्याळजी. ही भूमिका करणारा जॉर्ज वोस्कोवेत्स म्हणजे मूळचा यिर्झी, प्रागच्या रंगभूमीचा एके काळचा लाडका नट.

जन्म १९०५ चा, बोहेमियातल्या साझावाचा. शाळेपासूनचा दोस्त यान वेरिख. १९२७ मध्ये दोघांनी 'व्हेस्ट पॉकेट रेव्ह्यू' रंगमंचावर आणलं आणि ते तुफान चाललं. मग 'मुक्त रंगमंच' या नाट्यसंस्थेत त्यांची जोडी जमली ती जमलीच. संगीत यारोस्लाव येझेकचं. चेहऱ्याला पांढरा रंग फासून दोघं पडद्यापुढे यायचे आणि शब्दांवर कोट्या करत ताज्या घडामोडींवर गप्पा मारायचे. हिटलर सत्तेवर आल्यावर या थट्टेला धार चढली. १९३८ मध्ये म्युनिक करार झाला, त्यांचं थिएटर बंद पाडलं गेलं, आणि १९३९ च्या जानेवारीत तिघंही अमेरिकेला निघाले.

आता बघा, आपण आलो ते सी++ किंवा जावा घेऊन. ते पुण्यात चालतं तसंच न्यू जर्सीतही चालतं. पण मातृभाषेतल्या कोट्या कुठे पोर्ट करणार? तेहतिशीतल्या या नटाची सगळी कमाई तीच होती.

युद्धकाळात वोस्कोवेत्स आणि वेरिख रेडिओवरून मायदेशाशी बोलत राहिले. येझेक १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच गेला. युद्ध संपल्यावर दोघं प्रागला परतले. पण १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. वेरिख तिथेच राहिला, वोस्कोवेत्सनं पुन्हा देश सोडला. आणि गंमत म्हणजे, १९५० मध्ये तो अमेरिकेत आला तर कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यालाच एलिस आयलंडवर दहा महिन्यांहून जास्त अडकवून ठेवलं!

सुटला तेव्हा वय पंचेचाळीस. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ब्रॉडवे, १९५५ मध्ये नागरिकत्व, १९५६ मध्ये चेकॉव्हच्या 'अंकल वान्या'साठी ओबी पुरस्कार. उच्चार परके ते परकेच राहिले, पण त्यानं ते लपवले नाहीत. त्यांच्याच जोरावर भूमिका मिळवल्या. वेरिखशी पत्रव्यवहार मात्र अनेक वर्षं चालू होता, चेकमध्ये.

वेरिख १९८० मध्ये गेला, वोस्कोवेत्स १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात. आज दोघं प्रागच्या ओल्शानी दफनभूमीत एकाच थडग्यात आहेत.

या सुट्टीत तो सिनेमा पुन्हा लावलात तर अकरा नंबरकडे जरा नीट बघा. एकेक शब्द तोलून, जपून बोलणारा हा माणूस आपल्या भाषेत मात्र भरलं थिएटर हसवत ठेवायचा.