माशांची मराठी नावं लिहून ठेवणारा साहेब

पहिला दणदणीत पाऊस झाला की उरण-पनवेलच्या गावांत वलगणीच्या माशांचा विषय निघतोच. ओढ्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, थेट भाताच्या खाचरांत येतात, आणि लोक टोपल्या घेऊन धावतात. आता पूर्वीसारखी वलगण मिळत नाही, असं बायका म्हणतात. पण पूर्वी म्हणजे नेमकं काय होतं? कोकणातलं ठाऊक नाही, पण घाटावरच्या नद्यांत काय होतं ते एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. त्यांचं नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म १७९० चा. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं असताना ते कंपनीच्या फौजेत शिरले. मराठी आणि हिंदुस्थानी दोन्ही भाषा शिकले. खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध लढले, हे विसरून चालणार नाही. पण १८२४ मध्ये एल्फिन्स्टन साहेबांनी त्यांना दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं, आणि इथून त्यांचं खरं आयुष्य सुरू झालं. माणसं, पिकं, पाऊस, पक्षी, प्राणी, जे दिसेल ते मोजायचं आणि टिपायचं. मध्येच सरकारनं ती जागाच रद्द केली, तरी १८३१ पर्यंत त्यांनी काम सोडलं नाही.

भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांतल्या माशांवर त्यांनी पुढे निबंध लिहिला. त्यात ४६ जातींचं वर्णन आहे. मला सगळ्यात आवडतं ते हे, की नव्या जातींना नावं देताना त्यांनी साहेबलोकांपेक्षा इथल्या लोकांच्या तोंडची नावं जास्त घेतली. शिंगाळा, शेंगटी, नुक्ता, कोळस, खुदरी. थोडी वेडीवाकडी होऊन ती आजही जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत आहेत. ही नावं सांगणाऱ्यांत मासे विकणाऱ्या बायका किती असतील, कोण जाणे! त्यांची नोंद नाही.

मायदेशी परतल्यावर साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात निवडून आले आणि १८७२ मध्ये वारले. त्यांच्या हयातीतच मुठेवर खडकवासल्याच्या धरणाचं काम सुरू झालं होतं. पुढे मुळशीचं धरण आलं. १९२१ मध्ये तिथे सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. माशांचं कोण बोलणार? मुळेचं पाणी वीज करायला भिऱ्याकडे, कोकणात वळलं. १९८० मध्ये उजनीनं भीमा अडवली.

खुदरी म्हणजे आपला महसीर. त्याला थंड, स्वच्छ, खळाळतं पाणी लागतं. पावसाळ्यात तो वर चढतो आणि दगडगोट्यांत अंडी घालतो. भिंत आडवी आली की चढण संपली. संथ पाण्यात गाळ बसतो आणि अंडी त्याखाली गुदमरतात. खालच्या बाजूला पाणी कधी येतं, कधी नाही, त्यामुळे पिल्लांना आसरा राहत नाही. शिवाय शहराचं सांडपाणी आहेच. विचित्र उंचवट्याच्या तोंडाचा तो नुक्ता आज धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

गंमत पाहा, ज्या टाटांची धरणं, त्यांनीच १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण इथे खुदरीची पिल्लं वाढवायला घेतली. लाखो पिल्लं वेगवेगळ्या राज्यांत गेली. काम चांगल्या मनानंच झालं. पण कावेरीत सोडलेली खुदरी तिथे इतकी माजली, की तिथल्या मूळच्या केशरी परांच्या महसीरला जागा उरेना. २०१८ मध्ये त्याची गणना अतिशय धोक्यातल्या जातींत झाली. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत पाहुणा म्हणून गेला आणि घरमालक होऊन बसला.

महाडजवळ वाळण कोंडीत मात्र महसीर अजून आहेत. देवीचे मासे म्हणून तिथे त्यांना कुणी धरत नाही, उलट येणारे-जाणारे खाऊ टाकतात.