आगरकरांचा दमा आणि आपला थकवा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी कोणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षीणबाईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा सावित्रीबाई किंवा अहिल्याबाई असाव्यात. मी मात्र एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे, आणि त्याला माझे स्वतःचे एक कारण आहे. ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी मला विलक्षण थकवा येऊ लागला. पहाटे उठून स्वयंपाक आटोपून शाळेत जावे, तो तिसऱ्या तासालाच पाय भरून येत. फळ्यावर लिहिताना हात जड होई. आठ दिवस बरे वाटे, की पुन्हा तेच. घरी आल्यावर उंबऱ्यातच बसून राहावेसे वाटे. कोणी म्हणाले आळस चढला, कोणी म्हणाले नोकरी झेपत नाही तर सोडून द्यावी. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटू लागले होते. त्या दिवसांत शाळेच्या कपाटातले गोपाळ गणेश आगरकरांचे चरित्र हाती आले. सुधारक म्हणून त्यांचे नाव आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण हा माणूस जन्मभर आजारी असून नोकरी करीत होता, हे माझ्या ध्यानी कधी आले नव्हते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी अशी की शिक्षण म्हणजे दारोदार आश्रय शोधणे. कऱ्हाडला त्यांनी कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकण्यासाठी रत्नागिरीपर्यंत पायी चालत गेले. तिथे जमले नाही म्हणून परतले. शेवटी अकोल्यास नातेवाइकांकडे राहून ते १८७५ साली मॅट्रिक झाले. हे अकोला आपल्याला काही परके नाही. हिंगोलीहून गाडीत बसले की वाशिमवरून सरळ अकोला. तिथल्या विष्णु मोरेश्वर महाजनी या शिक्षकांनी त्यांना हात दिला आणि ते पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगावर एकच सदरा. रात्री धुवावा, सकाळी तोच घालावा. अशा स्थितीत १८७८ साली ते बी. ए. झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी खात्यात मोठ्या पगाराची जागा सहज मिळे, आणि मुलाच्या पदवीवर आईचे डोळे लागलेले असणारच. त्यांनी आईला पत्र लिहून कळविले की श्रीमंतीची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे. ते वाचताना मला आईचेच वाईट वाटले.

टिळक आणि ते कॉलेजातले सोबती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, एम. ए.चा अभ्यास आटोपून आगरकर पुढच्या वर्षी तिथे आले. जानेवारी १८८१ मध्ये केसरी सुरू झाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. तिथल्या आजीव सभासदांना महिना ७५ रुपयांच्या घरात पगार मिळे.

आता त्या दम्याविषयी. तो त्यांना तरुणपणीच जडला होता. ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांना हे सांगायला नको: दिवसा माणूस चारचौघांसारखा दिसतो, आणि उत्तररात्री उठून बसतो. आडवे झाले की छाती भरते, उशीला टेकून बसावे तर झोप नाही, पहाटेच्या सुमारास धाप सर्वांत अधिक. आज आपल्या तालुक्यात फुसकारा मारायचा पंप मिळतो आणि दोन घटकांत श्वास मोकळा होतो. त्या काळी तसले काही नव्हते. धोतऱ्याच्या पानांचा धूर घ्यावा, कडक कॉफी प्यावी, आणि उजाडण्याची वाट पाहावी. असा रात्रभर जागलेला माणूस सकाळी वर्गात उभा राहून इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवी. ऐकणाऱ्या मुलांना त्याची रात्र कुठून दिसणार!

त्यात १८८७ साली मतभेदामुळे केसरी सोडावा लागला आणि १५ ऑक्टोबर १८८८ पासून त्यांनी स्वतःचा सुधारक काढला. मराठी बाजू ते लिहीत, इंग्रजी बाजू प्रथम गोपाळराव गोखले सांभाळीत. नोकरी एक, आणि दर आठवड्याला पत्र भरून काढणे हे दुसरे. शिवाय लोकांचे शिव्याशाप. मुलींना मुलांसारखेच आणि मुलांबरोबरच शिकवावे, विधवांचे केस काढू नयेत, लहान मुलींची लग्ने लावू नयेत, हे ते लिहीत. बायकांनी जाकीट घालावे एवढ्या साध्या गोष्टीवरही त्यांना लेख लिहावा लागला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. निरोगी माणसाला हे पेलणे कठीण, मग ज्याला जिना चढताना थांबावे लागते त्याचे काय?

ऑगस्ट १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत कोश आजही वापरतात, तापाने वारले. टिळक १८९० सालीच संस्था सोडून गेले होते, चिपळूणकर तर १८८२ मध्येच बत्तिशीही न गाठता गेले. प्राचार्यपद आगरकरांकडे आले आणि मरेपर्यंत राहिले. म्हणजे प्रकृती खालावत होती त्याच वर्षांत काम वाढत होते.

इथे मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. अशा चरित्रांतून आपण बायका चटकन असा अर्थ काढतो की पाहा, एवढ्या आजारात त्यांनी एवढे केले, मग आपण कुरकुर का करावी? मीही प्रथम तसेच वाचले आणि आणखी चार महिने अंग ओढीत शाळेत गेले. पण दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की हे पुस्तक संपते तेव्हा ते चाळीशीतही पोचलेले नाहीत. त्यांना औषध मिळत नव्हते म्हणून त्यांनी सोसले. मला मिळत होते, आणि मी ते घ्यायला गेलेच नव्हते. मग सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासले. बायकांचे हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली नसावे. माझे साडेसात निघाले. आळस तो नव्हताच! २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायकांपैकी चौपन्न जणींना रक्तक्षय आढळला. हळद उकडायच्या दिवसांत सावलीला टेकणाऱ्या किती जणींना आपण कामचुकार म्हटले असेल, ते आठवून पाहावे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, एवढे मी तिथे शिकले.

१७ जून १८९५ च्या पहाटे आगरकर वारले. एकोणचाळिसावा वाढदिवस एका महिन्याच्या आत आला होता. त्यांच्या उशाखाली एक पुडी सापडली. तीत स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे मोजून ठेवलेले होते, कोणावर बोजा पडू नये म्हणून. टिळकांनी भांडण विसरून केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

हे चरित्र मी मागल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात वाचून दाखविले. पुडीचा भाग आला तशा पुष्कळजणी डोळे पुसू लागल्या. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी मात्र विचारले, की त्या माणसाला रात्री पाणी तापवून कोण देत असेल, पाठ कोण चोळीत असेल, आणि ती बाई दिवसा कधी झोपत असेल? आगरकरांचे लग्न १८७७ साली यशोदाबाईंशी झाले होते. त्या देवधर्म पाळणाऱ्या, ते देव न मानणारे. पण त्यांच्या पूजेअर्चेत त्यांनी कधी आड घातली नाही, एवढे पुस्तकात आहे. मी तेवढे वाचून दाखविले. आजी म्हणाल्या की ते बरेच झाले, पण त्यांनी पुसले ते निराळेच होते.

पुढल्या सोमवारी आरोग्य केंद्रावर रक्त तपासायला माझ्याबरोबर सातजणी आल्या. त्यांत त्या आजीही होत्या.